आमवात आणि ऊन पाणी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या संमेलनात विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावा, वयोवृद्धांचा गौरव व्हावा, जमाखर्च वाचला जावा आणि मग भोजनाची वेळ जवळ येत असता कोणीतरी आरोग्यावर चार शब्द बोलावे, असा आपल्याकडील परिपाठ आहे. त्या परिपाठास अनुसरून कार्यवाहांनी आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली. मधुमेह व रक्तदाब यांवर आजवर पुष्कळ बोलून झाले आहे. म्हणून आम्ही असा एक विकार निवडला की जो आपल्या घराघरांतून आहे, परंतु ज्याचे नाव सहसा कोणी उच्चारीत नाही. सकाळी उठल्यावर ज्या सुनेच्या हाताची मूठ मिटत नाही, जिला दुधाच्या पिशवीचे तोंड फाडता येत नाही, पोळ्या लाटताना जिचे मनगट कळ मारते आणि जिला दहा वाजेपर्यंत घरातील मंडळी आळशी समजतात व अकरा वाजता धडधाकट समजतात, तिच्या विकाराविषयी आज बोलावयाचे आहे. त्यातही विशेषेकरून, शेक आणि ऊन पाणी यांनी तिचे दुःख किती हलके होते, कसे होते, आणि कोठवर होते, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. आपण सर्वच सांधेदुखीला सरसकट ‘संधिवात’ म्हणतो. पण साठीनंतर गुडघ्यातील कूर्चा झिजून होणारे दुखणे निराळे आणि आम्ही ज्याविषयी बोलत आहो ते निराळे. झिजेचे दुखणे चालल्याने वाढते व विसाव्याने कमी होते. हे दुसरे उलट आहे. ते विसाव्याने आखडते आणि हालचालीने सैल होते. यास आजचे डॉक्टर ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतात. हे इंग्रजी नाव आल्फ्रेड बेअरिंग गॅरड या लंडनच्या वैद्याने १८५९ साली रूढ केले. आपल्या वैद्यकात माधवकराने ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण लिहिले, ते त्याहून हजार वर्षांपूर्वी. दोन्ही नावे सर्वांशी एकाच विकाराची आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु व्यवहारात आज मराठीत आमवात म्हटले म्हणजे हाच विकार समजला जातो, आणि आम्हीही तेच नाव वापरू.

आमवातात शरीराचे संरक्षक दलच आपल्या माणसांवर उलटते. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली यंत्रणा सांध्याच्या आतील नाजूक अस्तराला परके समजू लागते. ते अस्तर सुजते, जाड होते, आणि पुढे त्याची वाढ कूर्चेला व हाडाला कुरतडू लागते. बोटांच्या मुळाशी असलेले व मधले सांधे, मनगटे, पायांचे चवडे, अशा लहान सांध्यांपासून आरंभ होतो. आणि बहुधा उजवा व डावा असे दोन्ही हात सारखेच धरले जातात. स्त्रियांत हा विकार पुरुषांच्या दुपटीतिपटीने आढळतो, आणि तोही पुष्कळदा तीस ते साठ या कर्त्या वयात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी करण्यात आली, तेव्हा हजारी सुमारे पाच प्रौढांना हा विकार असल्याचे आढळले. आपल्या मंडळाच्या सभासदयादीकडे पाहून प्रत्येकाने आपापला हिशेब करावा.

आता उष्णतेकडे वळू. आमवाताच्या रोग्यास सकाळच्या प्रहरी सर्वांत अधिक त्रास होतो. यास कारण आहे. पहाटेच्या सुमारास दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात अधिक असतात, आणि रात्रभर हालचाल नसल्याने सुजलेल्या सांध्यांतून पाणी साचून राहते. मग अंथरुणातून उठताना सांधे जणू लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. हा ताठरपणा अर्धा तास, एक तास, कधी दुपारपर्यंतही टिकतो. अशा वेळी ऊन पाण्यात हात घातले की पाचदहा मिनिटांत बोटे मिटू लागतात. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की तो कोणी शिकवावा लागत नाही. भांडी घासताना ऊन पाणी मिळाले तर बरे वाटते, हे त्या बाईला डॉक्टरकडे जाण्यापूर्वीच ठाऊक असते.

असे का होते? उष्णतेने कातडीतील व त्याखालील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्या भागात रक्ताचा ओघ वाढतो. दुखणाऱ्या सांध्याच्या रक्षणासाठी भोवतालचे स्नायू आकसून बसलेले असतात. ते सैल पडतात, आणि वेदनेचा काही वाटा या आकसलेल्या स्नायूंचाही असतो. सांध्यातील वंगण गारव्याने घट्ट होते व ऊब मिळताच पातळ होते, हेही खरे. थिजलेल्या खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या गृहिणीस हे अधिक समजावून सांगावयास नको. याशिवाय मज्जातंतूंचा एक भाग आहे. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी असा सिद्धांत मांडला की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात एका दारातून जातो, आणि त्याच वेळी स्पर्शाचे दुसरे निरोप गर्दी करून आले तर ते दार लोटले जाते. दुखऱ्या जागी आपण नकळत हात चोळतो त्याचे मर्म यात आहे. उष्णता ओळखणारे आमच्या कातडीतील सूक्ष्म दरवाजे कोणते, याचा शोध लावल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक आर्डेम पातापूतियान यांच्यासमवेत मिळाले. त्यांपैकी एक दरवाजा सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतो, आणि तो उघडला की मेंदूस सुखाचा नव्हे, तर भाजल्याचा निरोप जातो. हा आकडा आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो कामास येणार आहे.

पाण्याच्या उष्णतेविषयी आपली भाषा फार संपन्न आहे. कोमट, ऊन, कढत, उकळते अशी जी पायरी आपल्या आज्या बिनचूक वापरीत, तिची सर शास्त्राच्या आकड्यांनाही क्वचितच येईल. हल्लीची मुले ह्या सर्वांना मिळून ‘गरम’ एवढा एकच शब्द वापरतात, आणि मग बादलीत हात पोळतात. आमच्या मते आमवाताच्या रोग्यास जे हितकर ते ऊन पाणी, म्हणजे सुमारे ३७ ते ४० अंशांचे. शरीराच्या उष्णतेहून किंचित वर. ज्यात सगळे अंग बुडवून हातपाय हालवावयाचे ते त्याहून खालचे, कोमट, ३३ ते ३६ अंशांचे असावे. कढत पाणी कोणासही नको. उष्णतामापक यंत्र हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर कोपर बुडवून पाहावे. बाळाला न्हाऊ घालणारी बाई पंजाने पाणी पाहत नाही, कोपराने पाहते. कारण कामाने राठ झालेला पंजा फसवितो. आमवाताच्या रोग्याने तर हे दुसऱ्याकडून पाहवून घ्यावे.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. एका पसरट पातेल्यात किंवा घंगाळात मनगटे बुडतील इतके पाणी घ्यावे. आधी गार पाणी घालून मग त्यात कढत पाणी ओतावे. आपल्याकडे कढत पाण्यात विसण घालण्याची रीत आहे, ती बंब पेटत असे त्या काळची. पण ज्याच्या हातून भांडे निसटण्याचा संभव आहे त्याने क्रम उलट ठेवावा हे बरे. मग खुर्चीवर स्वस्थ बसून दोन्ही हात पाण्यात सोडावे. पहिली पाच मिनिटे काही करू नये. त्यानंतर पाण्यातच मूठ मिटावी व उघडावी, अंगठा एकेका बोटाच्या टोकास लावावा, मनगट वर-खाली करावे, बोटे पसरून पुन्हा जवळ आणावी. एक लहानसा स्पंज पाण्यात दाबला तर बोटांना चांगला व्यायाम होतो. मात्र जोर लावून पिळू नये. पाणी निवू लागले की थोडे ऊन पाणी दुसऱ्या कोणी वाढवावे. पंधरा मिनिटे, फार तर वीस, पुरेत. हात टिपून कोरडे करावे आणि लगेच गार वाऱ्यात जाऊ नये. जुना सुती रुमाल किंवा लोकरी मोजा घालावा. ज्या कामाला बोटे लागतात ते काम, म्हणजे वेणी घालणे, बटणे लावणे, कणीक मळणे, हे त्या पुढच्या तासाभरात उरकावे. उष्णतेने मिळालेली सैलता फार वेळ टिकत नाही, म्हणून तिचा उपयोग तत्काळ करून घेण्यात शहाणपणा आहे.

पायांचे तसेच. चवडे व घोटे धरलेले असतील तर बादलीत पाय सोडून बसावे. सर्व अंग आखडले असेल तर सकाळचे स्नानच औषधासारखे घ्यावे. स्टुलावर बसून, खांद्यावरून व मानेवरून ऊन पाण्याची धार सोडीत. मोरीत उभे राहून वाकून तांब्या भरणे हे आमवाताच्या रोग्यास शिक्षेसारखे आहे. दोन कानांचे हलके भांडे, बसावयास चार पायांचा स्टूल आणि भिंतीला धरावयास एक दांडी, एवढ्यावर किती घरांतून किती दुःख वाचेल याचा विचार घरातील पुरुषमंडळींनी करावा. येथे दोन इशारे दिले पाहिजेत. गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरात बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि त्याने माणसे स्नान करता करता गेलेली आहेत. तसेच बादलीत सोडावयाची विजेची कांडी चालू असता पाण्याला बोट लावून पाहणे म्हणजे मृत्यूला बोट लावणे होय.

ज्यांच्या आवाक्यात पोहण्याचा कोमट पाण्याचा तलाव आहे त्यांना एक निराळेच सुख मिळते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले असता शरीराचा सुमारे निम्मा भार पाणी उचलते, आणि मानेइतक्या पाण्यात तर पायांवर दहावा हिस्साच काय तो उरतो. जमिनीवर दहा पावले चालताना ज्याचे डोळे पाण्याने भरतात, तो अशा पाण्यात वीस मिनिटे चालू शकतो. यासाठी पोहता येण्याची गरज नाही. परंतु शहरांतील बहुतेक तलाव गार पाण्याचे असतात, आणि गार पाणी आखडलेल्या सांध्यांस मानवत नाही. मोठ्या शहरांतील काही भौतिकोपचार केंद्रांत कोमट पाण्याचे तलाव आहेत. तेथे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे करावे.

पाण्यावाचूनही शेक देता येतो, आणि त्यात आपल्या घरांची परंपरा मोठी आहे. तव्यावर जाडे मीठ किंवा वाळू तापवून फडक्यात बांधलेली पुरचुंडी, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचे पान ऊन करून बांधणे, हे उपाय कोणास ठाऊक नाहीत? अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने आमवातासाठी वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला आहे. तेलाने चोळून मग शेकणे हा जो सर्वसाधारण वातविकारातील रिवाज, तो आमवातात मात्र जुन्या वैद्यांनी आरंभी वर्ज्य मानला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सुजलेला सांधा रगडून चोळल्याने अपायच होतो, असे आजचे डॉक्टरही सांगतात. दोन निरनिराळ्या वाटांनी जाणारी माणसे एका मुक्कामी भेटावी तसे हे झाले. ओल्या शेकासाठी पंचा ऊन पाण्यात बुडवून घट्ट पिळावा व सांध्याभोवती गुंडाळावा. ओली ऊब कोरडीपेक्षा अधिक सुखकर वाटते असे पुष्कळ रोगी सांगतात.

रबरी पिशवीविषयी थोडे बोलणे अवश्य आहे, कारण शेकाने होणाऱ्या पुष्कळ जखमा हिच्यापायी होतात. पिशवी दोनतृतीयांशच भरावी, बूच लावण्यापूर्वी आतील हवा दाबून काढावी, उलटी धरून गळते की काय ते पाहावे, आणि टॉवेलात गुंडाळल्याशिवाय अंगाला लावू नये. उकळते पाणी तीत ओतू नये. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांतच कातडी भाजते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पिशवी किंवा विजेचा पट्टा घेऊन झोपी जाऊ नये. दुखऱ्या जागी बाम चोळून वर शेक घेणे ही तर आपल्याकडील सर्वमान्य खोड आहे. त्याने कातडीला फोड येतात.

मेणाचा उपचार आपल्या घरांत अद्याप फारसा परिचित नाही, म्हणून तो विस्ताराने सांगतो. पॅराफिन मेणाचे सहा-सात भाग व खनिज तेलाचा एक भाग एकत्र वितळवून ते खास पात्रात सुमारे ५२ ते ५४ अंशांवर ठेवतात. हात स्वच्छ धुऊन, कोरडा करून, अंगठ्या-बांगड्या काढून त्यात क्षणभर बुडवावयाचा व वर काढावयाचा. मेणाचा पातळ थर गोठला की पुन्हा बुडवावयाचा. असे आठदहा वेळा केले म्हणजे हातावर मेणाचा जाड हातमोजा तयार होतो. त्यावर प्लॅस्टिकचा कागद व टॉवेल गुंडाळून पंधरावीस मिनिटे बसावे. मग तो हातमोजा सोलून काढावा. आम्ही मघाशी ४३ अंशांचा आकडा सांगितला होता. मग ५४ अंशांच्या मेणाने हात भाजत कसा नाही, अशी शंका कोणास येईल. पाण्याच्या मानाने मेणात उष्णतेचा साठा थोडा असतो व ती ते फार संथपणे सोडते. शिवाय पहिला गोठलेला थर पुढच्या थरांना आडवा येतो. तितक्याच उष्णतेच्या पाण्यात हात घातला तर मात्र खचित भाजेल. स्वयंपाकघरातील पातेल्यात, चुलीवर, मेणबत्त्या वितळवून हा प्रयोग कोणी करू नये. मेण पेट घेते. आमवातातील उष्णतोपचारांविषयी झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २००२ साली कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. मेणाचा उपचार व त्यानंतर बोटांचा व्यायाम या जोडीने हातांना काही काळ लाभ होतो, असे त्यात नमूद आहे. त्याच आढाव्यात असेही आहे की, शेकाने अपाय दिसला नाही, परंतु रोगाच्या मूळ दाहावर त्याचा परिणामही दिसला नाही. या दुसऱ्या वाक्याकडे आम्ही लवकरच परत येऊ.

शेक कोणी घेऊ नये? सांधा लाल झाला आहे, हाताला कढत लागतो, टरटरून सुजला आहे, अशा स्थितीत त्यावर आणखी उष्णता घालू नये. सांध्यातील कूर्चा कुरतडणारे द्रव्य तापमान वाढले की अधिक जोराने काम करते, असे प्रयोगशाळेत काचपात्रातील परीक्षणांत १९७४ साली दिसून आले होते. अशा वेळी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवल्याने अधिक आराम पडतो. ‘वातावर गार लावू नये’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांना विनयपूर्वक सांगावे की आखडलेल्या सांध्याला ऊब आणि पेटलेल्या सांध्याला गारवा, हा नियम आहे. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांनी पायांना शेक घेऊच नये; त्यांना भाजल्याचे कळत नाही आणि जखम महिनोगणती भरत नाही. हृदयविकार किंवा कमी रक्तदाब असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, ऊन पाण्यात सर्व अंग बुडवून बसण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. एकच सांधा एकाएकी सुजून ताप भरला असेल तर तो शेकत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सांध्यात पू झालेला असू शकतो.

आपल्यापैकी कित्येक कुटुंबे दरवर्षी वज्रेश्वरी-गणेशपुरीस जातात. तानसा नदीच्या काठची अकलोलीची कुंडे, पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, खानदेशातील उनपदेव, ही सर्व नावेच पाहा. पुष्कळांत ‘ऊन’ हा शब्द बसलेला आहे. जमिनीच्या पोटात खोल गेलेले पाणी तेथील उष्णतेने तापून भेगांतून वर येते, एवढेच त्याचे रहस्य. त्या पाण्यात गंधक असते म्हणून ते गुणकारी, असा समज आहे. ऊन पाण्यात बसल्याने जेवढे बरे वाटावे तेवढे तेथे वाटतेच. गंधकाने त्यात अधिक भर पडते असे सिद्ध झालेले नाही. शिवाय देवदर्शन, हवापालट आणि चार दिवस चुलीपासून सुटका, या तीन गोष्टींचा गुण त्या बाईच्या बाबतीत गंधकापेक्षा खचित मोठा असावा असा आमचा तर्क आहे! विलायतेतील बाथ या गावाचे नावच स्नानावरून पडले. रोमन लोकांनी तेथे स्नानगृहे बांधली, आणि १७३८ साली तेथे स्थापन झालेले रुग्णालय पुढे संधिवाताचे राष्ट्रीय रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु त्याच गावी १९७८ साली झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गाने दगावली. ऊन पाण्यात वाढणारा एक सूक्ष्म जीव नाकावाटे मेंदूत शिरला होता. तेथील स्नाने बंद झाली, ती शुद्ध पाण्याची व्यवस्था होऊन २००६ साली नव्या इमारतीत पुन्हा सुरू झाली. आपल्या कुंडांत उतरणाऱ्यांनी एवढेच करावे की डोके बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये, आणि अंगावर जखम असता उतरू नये. जी कुंडे कढत आहेत त्यांत एकदम पाय टाकू नये.

आता ज्यासाठी आम्ही हा सर्व प्रपंच मांडला त्या मुख्य गोष्टीकडे येतो. शेकाने वेदना कमी होते; रोग कमी होत नाही. आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित कुटुंबातील बाई, वय अवघे चौतीस, दोन वर्षे मिठाचा शेक, कुंडाची स्नाने आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या यांवर दिवस काढीत होत्या. घरचे लोक प्रेमळ होते. यजमान स्वतः पहाटे उठून पाणी तापवून देत. तिला बरे वाटे, म्हणून कोणी पुढे गेले नाही. दोन वर्षांनी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा बोटे करंगळीच्या दिशेने कलंडू लागली होती आणि क्ष-किरणांच्या चित्रात हाडांच्या कडा कुरतडलेल्या दिसत होत्या. जे हाड गेले ते परत येत नाही. पुढे औषधांनी त्यांचा रोग आटोक्यात आला, त्या आज नोकरी करतात. पण त्यांच्या हातांनी शिवणकाम होत नाही, आणि त्यांना ते फार प्रिय होते.

आमवाताचे पहिले काही महिने मोलाचे असतात. सहा आठवड्यांहून अधिक काळ हातांचे लहान सांधे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा अर्धा तास टिकत असेल, तर संधिवाततज्ज्ञाकडे जावे. रक्ताच्या दोनचार तपासण्या होतात. पैकी एखादी निर्दोष आली म्हणून रोग नाही असे घरच्या घरी ठरवू नये. मेथोट्रेक्सेट हे औषध १९८० नंतरच्या दशकात या रोगावर सर्वत्र वापरात आले आणि आजही तेच उपचाराचा कणा आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते; म्हणून घरातील दिनदर्शिकेवर वार लिहून ठेवावा आणि चिठ्ठी आणणाऱ्या मुलानेही तो वार पाठ करावा. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात, आणि ठरावीक काळाने रक्त व यकृत तपासतात. त्याने न भागल्यास आज आणखी प्रभावी इंजेक्शने व गोळ्या आहेत. त्या महाग आहेत हे खरे. फ्रान्सचा थोर चित्रकार रेन्वार सुमारे १८९२ पासून १९१९ साली मृत्यू येईपर्यंत या रोगाशी झगडला. उष्ण झऱ्यांच्या गावी गेला, उबदार हवेसाठी दक्षिणेत घर केले, वाकड्या बोटांत कुंचला धरून चित्रे काढीत राहिला. त्याच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्याच्यापाशी रोगाला आवरणारे औषध नव्हते. आपल्यापाशी आहे. स्टेरॉइडचा गुण १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी प्रथम दाखविला, तेव्हा अंथरुणास खिळलेली रोगी चालू लागली. १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांवाचून वर्षानुवर्षे घेतल्याने हाडे ठिसूळ होतात व साखर वाढते. काही ठिकाणी नाव नसलेल्या पुड्यांत त्या मिसळून दिल्या जातात. जी पुडी दोन दिवसांत जादू करते तिच्याविषयी संशय बाळगावा.

एक नाजूक गोष्ट बोलावयाची राहिली. आपल्या मंडळातर्फे वधूवर मेळावे होतात आणि त्या वेळी अशी दुखणी झाकून ठेवली जातात. मुलीच्या आईबापांची भीती आम्हांस कळते. परंतु झाकण्यासाठी औषध बंद केले जाते, लग्नानंतर सासरी गोळ्यांचा डबा दिसू नये म्हणून पहिले वर्षच्या वर्ष बिनउपचाराचे जाते, आणि नेमके त्याच वर्षात सांधे बिघडतात. हा विकार संसर्गजन्य नाही. नीट उपचार घेणारी स्त्री संसार करते, नोकरी करते, तिला मुले होतात. गर्भारपणात पुष्कळ जणींचे दुखणे आपोआप कमी होते, हे निरीक्षणही हेंच यांचेच. त्यातूनच त्यांचा पुढील शोध निघाला. मात्र मेथोट्रेक्सेट गर्भास घातक असल्याने, मूल हवे असल्यास काही महिने आधीच डॉक्टरांस सांगून औषध बदलून घ्यावे लागते. हे सांगण्यासाठी तरी नवऱ्याला ठाऊक असले पाहिजे, आणि सासूलाही ठाऊक असले तर उत्तम. सासूबाईंनी सकाळचा पहिला चहा स्वतः केला आणि सूनबाईंसाठी घंगाळात ऊन पाणी काढून ठेवले, तर घराची रीत बिघडत नाही. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत. आणि सासूला हा विकार असून सून पाणी काढते अशीही आहेत.

कार्यकारिणीपुढे आम्ही दोन सूचना लेखी दिल्या आहेत, त्या येथे जाहीर करतो. मंडळाच्या दवाखान्यात मेणाच्या उपचाराचे एक पात्र घ्यावे; त्याची किंमत मोठी नाही आणि आठवड्यातून दोन दिवस परिचारिकेच्या देखरेखीखाली ते सभासद कुटुंबांस वापरता येईल. दुसरी, मंडळाच्या सभागृहाची डागडुजी निघाली आहे, त्या वेळी खालच्या मजल्यावरील स्वच्छतागृहात पिळावयाच्या तोट्यांऐवजी लांब दांड्याच्या तोट्या बसवाव्यात, म्हणजे ज्यांची मूठ मिटत नाही त्यांना मनगटानेही पाणी सोडता येईल. खजिनदारांनी दोहोंचा अंदाज मागविला आहे. भोजनास अजून थोडा अवकाश आहे. कोणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे, आणि भगिनींपैकी ज्यांना सभेत विचारणे प्रशस्त वाटत नसेल त्यांनी चिठ्ठी लिहून व्यासपीठाकडे पाठवावी.